पिंपळपान : बोधिवृक्षाची ओळख आणि आपला परिसर

आपल्या वस्तीतली कोणतीही पत्रिका हातात घ्या. लग्नाची असो, बुद्धजयंतीची असो, नाहीतर नव्या घराची असो, वरच्या कोपऱ्यात एक पान छापलेले असतेच. विहाराच्या लोखंडी फाटकावर ते असते, कमानीवर असते, मुलांच्या गळ्यातल्या लॉकेटात असते. हे पिंपळाचे पान, म्हणजे बोधिवृक्षाचे पान, असे आपण गृहीत धरतो. पण जरा निरखून बघा. त्यातली पुष्कळशी पाने पिंपळाची नसतातच. पत्त्यातल्या बदामाला खालून देठ चिकटवला की झाले पिंपळपान, असे छापखान्यातला चित्रकार समजतो, आणि आपणही ते खपवून घेतो.

धम्मबंधू आणि भगिनींनो, स्मरणिकेत पानांवर लेख कशाला, असे कुणी विचारील. कारण असे की, आपल्या धम्माच्या इतिहासात काही शतके अशी गेली की तेव्हा भगवान बुद्धांची मूर्ती घडवली जात नव्हती. शिल्पकार दगडात एक झाड कोरायचे, त्याखाली आसन कोरायचे, आणि येथे तथागत आहेत हे बघणाऱ्याला कळायचे. कोणते तथागत, तेही कळायचे. कशावरून? पानावरून. ज्याला पान वाचता येत होते, त्याच्याशी ते शिल्प बोलत होते. म्हणून पान ओळखणे हा आपल्या इतिहासाचाच एक धडा आहे. तो फार लांब जाऊन शिकायला नको, बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फिरले तरी पुरे.

आपल्या दोन तालुक्यांतल्या गावांची नावे एकदा मोठ्याने म्हणून बघा. पिंपळी, लिमटेक, रुई, कन्हेरी, करंजे, पळशी ही बारामतीची. निमगाव केतकी, वडापुरी, बाभुळगाव, बोरी, जांब, कळंब, पळसदेव ही इंदापूरची. रुई तर दोन्ही तालुक्यांत आहे. प्रत्येक गावाचे नाव झाडावरूनच पडले असा माझा दावा नाही. पण नाव घेतले की झाड डोळ्यापुढे येते एवढे खरे. नीरा डाव्या कालव्याचे पाणी १८८५ च्या सुमारास या मुलखात आले आणि पुढे उसाने सगळे चित्र पालटले. त्याआधीचा हा मुलूख कोरडा. अशा मुलखात झाड ही खूण असते. अमक्या झाडापासून डावीकडे वळा, तमक्या झाडाखाली थांबा, असा सगळा व्यवहार. म्हणून माणसांना झाडे ओळखता येत होती, आणि फुले-फळे नसतानासुद्धा ओळखता येत होती, म्हणजे पानावरून.

पाने फांदीवर कशीही उगवत नाहीत. त्यांची एक रीत असते, आणि आपल्या गावांच्या नावांत या सगळ्या रीती सापडतात हे मला फार मौजेचे वाटते. पिंपळी घ्या. पिंपळाच्या डहाळीवर एका पेराला एकच पान, पुढच्या पेराला दुसऱ्या बाजूला दुसरे. याला एकाआड एक मांडणी म्हणतात. वड आणि उंबर यांचीही हीच रीत. रुईचे बघा. तिथे एका पेरावर दोन पाने समोरासमोर, आणि त्यावरची जोडी पहिलीच्या आडवी, म्हणजे वरून पाहिले तर अधिकाचे चिन्ह दिसते. कन्हेरीतल्या कण्हेरीला एका पेरावर बहुधा तीन पाने गोल बसवलेली. आणि निमगाव केतकीतली केतकी, म्हणजे केवडा, तिची लांब काटेरी पाने तीन ओळींत पीळ घेत वर चढतात, जणू दोरीला पीळ घातला आहे. याच निमगावच्या पानमळ्यांतून विड्याचे पान बाजारात जाते, तेही आकाराने बदामाच्या जवळचे. पण ते वेलीचे पान, त्याला पिंपळाचा डौल नाही.

उसाची गोष्ट तर आपल्या बायाबापड्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. ऊस हे गवत. त्याची पाने दोनच ओळींत, एक डावीकडे, एक उजवीकडे. पानाच्या बगलेत डोळा असतो, म्हणून डोळेही दोन बाजूंनाच येतात. लागण करताना कांडी अशी ठेवायची की एक डोळा खाली दबून दुसरा वर न येता दोन्ही डोळे कुशीला राहतील. ज्या हातांनी ही कांडी सरीत दाबली, त्या हातांनी पर्णमांडणीचे शास्त्रच वापरले. त्याला कुणी शास्त्र म्हटले नाही, एवढेच.

आता पळस. पळसाला पाने तीन, कुठेही जा, तीनच. ही म्हण आपण सगळेच वापरतो. पण पळसाला खरे म्हणजे ती तीन पाने नव्हेत. ते एकच पान आहे आणि त्याचे तीन भाग आहेत. त्यांना पर्णिका म्हणतात. ओळखायचे कसे? वर सांगितलेला डोळा शोधा. पानाचा देठ जिथे डहाळीला चिकटतो, त्या बगलेत डोळा असतो. पर्णिकेच्या बगलेत तो नसतो. ही एक खूण कळली की लिंबाची अख्खी डहाळीसारखी दिसणारी काडी म्हणजे एकच पान हे कळते, करंजाची पाच-सात पर्णिकांची काडी म्हणजे एकच पान, आणि बाभळीची बारीक पिसासारखी रचना, जिच्यात पर्णिकांच्या पुन्हा पर्णिका आहेत, तीही एकच पान. इंदापूरचे जुने पळसदेव गाव उजनी धरणाच्या पाण्याखाली गेले. पाणी उतरते त्या वर्षी तिथले पळसनाथाचे जुने देऊळ उघडे पडते आणि लोक बघायला जातात. गाव पाण्याखाली गेले, नाव मात्र झाडाचे राहिले.

एवढी तयारी झाल्यावर आता दगडातल्या पानांकडे वळू.

मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यात भारहूत नावाचे गाव आहे. तिथे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला स्तूप होता. १८७३ साली अलेक्झांडर कनिंगहॅम या पुरातत्त्व अधिकाऱ्याला त्याचा कठडा सापडला, आणि त्यातला मोठा भाग आज कोलकात्याच्या इंडियन म्युझियममध्ये आहे. या कठड्यावर झाडे कोरली आहेत. खाली आसन, बाजूला वंदन करणारे स्त्री-पुरुष, आणि ब्राह्मी लिपीत नाव. शाक्यमुनींच्या झाडाशेजारी ‘भगवतो सकमुनिनो बोधो’ असे लिहिले आहे. पण तिथे एकच झाड नाही. दीघनिकायातल्या महापदान सुत्तात सात बुद्धांची नावे आणि प्रत्येकाचे बोधिवृक्ष सांगितले आहेत. विपस्सी बुद्धांचा पाटली, सिखींचा पुंडरीक, वेस्सभूंचा साल, ककुसंधांचा शिरीष, कोणागमनांचा उंबर, कस्सपांचा वड आणि गोतम बुद्धांचा अस्सत्थ म्हणजे पिंपळ. भारहूतला यांपैकी सहा सापडले. सिखी बुद्धांचे शिल्प मिळाले नाही.

शिल्पकाराची पंचाईत लक्षात घ्या. सहाही ठिकाणी झाड, आसन, हार आणि माणसे. बुद्धांची आकृती कुठेच नाही. मग फरक दाखवायचा कसा? अक्षरे सगळ्यांना वाचता येत नव्हती. त्याने पाने वेगळी कोरली. पिंपळाचे पान शेपटीचे, वडाचे जाड, लांबट-गोल आणि बोथट, शिरीषाची पाने बारीक पर्णिकांची. यात्रेला आलेला शेतकरी, गाडीवान, कुंभार यांनी अक्षर न वाचता पान वाचले असणार. आपल्याकडे शिक्षणाची दारे बंद असताना ज्या ज्ञानाला अडाणीपणा म्हणून हिणवले गेले, तेच ज्ञान या शिल्पकाराने गृहीत धरले होते.

या सात झाडांपैकी पिंपळ, वड, उंबर आणि शिरीष ही चार आपल्या भागात आजही चालता चालता भेटतात. शिरीष रस्त्याकडेला असतो, उन्हाळ्यात त्याच्या वाळक्या चपट्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळतात, आणि रात्री त्याच्या पर्णिका मिटतात. पाटली म्हणजे आपला पाडळ, तो डोंगरी रानातला. साल इकडचा नव्हे. पुंडरीक म्हणजे पांढरा आंबा असा अर्थ अट्ठकथेत दिला आहे.

महाराष्ट्रातही हे सात बुद्ध आहेत. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात दारावरच्या पट्टीत सात बुद्ध आणि आठवे भावी बुद्ध मैत्रेय ओळीने रंगवले आहेत. २२ क्रमांकाच्या लेण्यात तर बुद्धांची नावे आणि त्यांचे बोधिवृक्ष असे दोन्ही आहेत. तोपर्यंत मूर्ती घडू लागल्या होत्या, रंग होते, अक्षरे होती, तरी झाडे सोडली नाहीत. सहलीला गेलात तर गाइड पद्मपाणीपाशी अर्धा तास थांबवतो आणि या ओळीपुढून पळवत नेतो. तिथे थांबा म्हणावे.

आणि आपला पुणे जिल्हा? भाजे, कार्ले, बेडसे आणि जुन्नर इतकी बौद्ध लेणी ज्या जिल्ह्यात आहेत, त्या जिल्ह्यातली आपण माणसे. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावरची मोठी कमान पाहून मराठी लेखक तिला पिंपळपानाकृती कमान म्हणतात. पान उलटे धरले, शेंडा वर केला, की तसा भास होतो खरा. पण माझे मत थोडे वेगळे आहे. ही कमान लाकडी घराच्या वाकवलेल्या फास्यांची दगडातली नक्कल आहे. कार्ल्याच्या छताला जुन्या लाकडी फास्या अजूनही आहेत, त्या पाहिल्या की खात्री पटते. म्हणजे तिचा जन्म सुताराच्या कामातून झाला. तिच्यात पिंपळपान दिसले ते बघणाऱ्याच्या डोळ्याला. यात मला वावगे काही वाटत नाही, फक्त दोन गोष्टींची गल्लत करू नये. सातवाहनांच्या काही नाण्यांवर मात्र कठड्यातले झाड स्पष्ट आहे.

जुन्नरच्या एका शिलालेखाची हकिकत आपल्याला जवळची वाटावी अशी आहे. आडुथुम नावाचा एक शक उपासक, म्हणजे परदेशातून आलेल्या लोकांपैकी एक, त्याने वीस निवर्तने आणि नऊ निवर्तने अशी जमीन दान दिल्याची नोंद आहे. पहिलीबरोबर करंजाचे नाव येते, दुसरीबरोबर वडाचे. शब्दशः करंजाच्या मुळाशी, वडाच्या मुळाशी. ही देणगी झाडे लावण्यासाठी होती असा अर्थ अभ्यासकांनी घेतला आहे. अर्थ कसाही घेतला तरी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी लेण्याच्या भिंतीवर बुद्धाचा एक उपासक करंज आणि वड यांची नावे कोरून ठेवतो, आणि करंजे आणि वडापुरी ही नावे आपण आज एस. टी. च्या पाटीवर वाचतो.

झाडांच्या पानावरून पडलेले आणखी एक नाव धम्माच्या इतिहासात मोठे आहे. तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर पहिली धम्मसंगीती राजगृहाला सत्तपण्णी गुहेत भरली. सत्तपण्णी म्हणजे सप्तपर्णी, आपली सातवीण. एका पेराभोवती छत्रीच्या काड्यांसारखी सात पाने, म्हणून सप्तपर्णी. मोजायला बसलात तर कधी पाच, कधी सहा, कधी आठही निघतील. झाडाला आपल्या नावाशी काही देणेघेणे नसते! शहरांत रस्त्याकडेला आता हे झाड पुष्कळ लावतात, त्याच्या फुलांचा वास हिवाळ्याच्या तोंडाला डोक्यात जातो.

आता मूळ विषयावर, पिंपळाच्या पानावर येतो.

पान हातात घ्या. देठाकडे रुंद, दोन्ही बाजूंनी गोलाई घेत निमुळते होते आणि शेवटी त्याला बारीक लांब शेपूट असते. पूर्ण वाढलेल्या पानात हे शेपूट पानाच्या लांबीचा चौथा किंवा तिसरा हिस्सा भरते. हीच खरी ओळख. शेपटावरून पावसाचे पाणी लवकर निथळून जाते आणि पान कोरडे होते, असे वनस्पतिशास्त्र सांगते. आपल्या अवर्षणाच्या मुलखात त्याला निथळायला पाणी कमीच, पण झाडाने आपला घाट सोडलेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे देठ. लांब, बारीक, लवचीक. जवळजवळ पानाएवढा लांब. त्यामुळे इतर झाडे निश्चल उभी असतात तेव्हाही पिंपळ सळसळतो. नुसती झुळूक पुरते. शिवाय पाने कडक आणि तुकतुकीत, एकमेकांवर आपटली की पाऊस पडल्यासारखा आवाज येतो.

याच सळसळीने आपल्या कित्येक पिढ्यांना घाबरवले. “दिस मावळल्यावर पिंपळाखालनं जाऊ नगा रं, मुंजा असतोय,” हे वाक्य जुन्या बायांच्या तोंडून ऐकले नाही असा माणूस या भागात विरळा. सगळे शांत, वारा नाही आणि एकटा पिंपळ बोलतोय, तेव्हा कुणीतरी वर बसले असणार, असा तर्क. मुंजा नव्हे, तो देठ आहे. मुलांना एकदा पिंपळाचे आणि आंब्याचे पान शेजारी धरून फुंकर मारायला सांगा. आंब्याचे हलत नाही आणि पिंपळाचे नाचते. दोन मिनिटांत मुंजा उतरतो.

पण भुताची भीती ही एक गोष्ट, आणि माणसांची भीती ही दुसरी. गावोगावी पिंपळाला दगडी पार बांधलेला असे. गावचा न्यायनिवाडा, गप्पा, पंचांच्या बैठका तिथे. त्या पारावर आपल्या आजा-पणजाला बसता येत नव्हते. पाराच्या खाली, अंतर राखून, जोहार घालून उभे राहायचे. सावली त्याच झाडाची, पण तिचीही वाटणी. आपली वस्ती गावकुसाबाहेर, तिथे सोबतीला लिंब, बाभूळ, नाहीतर एखादी चिंच. आपल्या लोकांनी ते झाड दुरून पाहिले, त्याचे लाकूड फोडले, त्याचा पाला शेळ्यांना घातला. आणि ज्या झाडाखाली सिद्धार्थ गौतमाला सम्यक् संबोधी प्राप्त झाली ते झाड हेच, हे कुणी त्यांना सांगितले नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्यानंतर गावोगावच्या वस्त्यांत विहारे उभी राहिली, आणि विहाराच्या अंगणात पिंपळाचे रोप लागले. ज्याच्या पाराला शिवता येत नव्हते त्याचे रोप आता आपल्या हाताने लावले जात होते. आपल्या समाजाच्या इतिहासात या रोपांची नोंद कुणी नीट घेतलेली नाही. कोणत्या वस्तीत कोणत्या वर्षी कुणी लावले, पाणी कुणी घातले, हे जाणत्या माणसांना विचारून आताच लिहून ठेवले पाहिजे. झाडे टिकतील, सांगणारे टिकणार नाहीत.

विहाराच्या अंगणात बोधिवृक्ष लावण्याची रीत तशी फार जुनी. तथागत जेतवनात नसताना लोक फुले घेऊन येत आणि वंदन कशाला करावे हे न कळून परत जात. तेव्हा आनंदाच्या सांगण्यावरून तिथे बोधिवृक्षाचे रोप लावले गेले, अनाथपिंडिकाने ते लावले, अशी कथा कालिंगबोधि जातकाच्या प्रस्तावनेत येते. म्हणून त्याला आनंदबोधि म्हणतात. तथागतांनी ज्याचा वापर केला त्या वस्तूचा आदर, हा त्यामागचा भाव आहे. झाडाला दोरे गुंडाळून नवस बोलणे हा नव्हे.

बुद्धगयेच्या मूळ झाडाने तर फार भोगले. सम्राट अशोकाची त्याच्यावर विलक्षण श्रद्धा. सांचीच्या पूर्व तोरणावर अशोक बोधिवृक्षाच्या भेटीला आल्याचा देखावा कोरलेला आहे. त्याची मुलगी संघमित्रा इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात या झाडाची फांदी घेऊन श्रीलंकेला गेली आणि अनुराधपूरला ती लावली गेली. लागवडीची नोंद असलेले जगातले सर्वात जुने झाड म्हणून आज ते ओळखले जाते. इकडे बुद्धगयेला सातव्या शतकात शशांक राजाने झाड तोडले, मुळे जाळली आणि पुन्हा फुटू नये म्हणून त्यावर उसाचा रस ओतला, असे चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग लिहितो. उसाच्या रसाचा हा उपयोग आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात कुणाला सुचला नसता! पुढे पूर्णवर्मा राजाने हजार गाईंचे दूध घालून ते जगवले, असेही तो सांगतो. दुधाचे ते असो. पिंपळ मुळापासून पुन्हा फुटतो हे ज्याने भिंतीतला पिंपळ उपटला आहे त्याला वेगळे सांगायला नको.

ह्युएन त्संगाची आणखी एक नोंद पानांविषयी आहे. बोधिवृक्षाची पाने एरवी कधी गळत नाहीत, फक्त निर्वाणदिनी गळतात आणि क्षणात पुन्हा फुटतात, असे तो लिहितो. चमत्कार म्हणून हे सोडून देऊ नका, आणि चमत्कार म्हणून डोक्यावरही घेऊ नका. आपल्या दारचा पिंपळ बघा. माघ-फाल्गुनात त्याची पाने झडतात, झाड फार दिवस उघडे राहत नाही. लगेच तांबूस, तांब्याच्या भांड्यासारखी चमकणारी पालवी येते. १४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक निघते तेव्हा आपल्याकडचा पिंपळ बहुधा या कोवळ्या पानांत असतो, आणि वैशाख पौर्णिमेपर्यंत ती हिरवी होतात. उत्तरेकडे थंडी जास्त, तिकडे हे सगळे थोडे मागे-पुढे. पानगळ आणि पालवी इतकी पाठोपाठ येते की वर्षातून एकदा जमणाऱ्या यात्रेकरूंना ती एका दिवसाची वाटली असेल, असे मला वाटते.

१८७६ साली बुद्धगयेचे जीर्ण झाड वादळात पडले. कनिंगहॅमने १८८१ साली तिथे त्याच्याच वंशाचे रोप लावले, आज आहे ते हे. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदन्त आनंद कौसल्यायन यांनी अनुराधपूरहून आणलेल्या फांद्यांपासून वाढला. इथे एक बारकावा आहे. बियापासून झाड झाले तर ते आधीच्या झाडाचे मूल. फांदीपासून झाले तर ते तेच झाड, फक्त जागा दुसरी. बुद्धगया ते अनुराधपूर फांदी, अनुराधपूर ते नागपूर फांदी. दीक्षाभूमीवर वाऱ्याने हलणारे पान या हिशेबाने फार जुन्या झाडाचे आहे.

पिंपळपानाचे आणखी एक ठिकाण पुष्कळांना ठाऊक नसते. भारतरत्न पदकाचा आकार पिंपळाच्या पानाचा आहे. १९५४ साली पदक सुरू झाले तेव्हा ते गोल ठरले होते, पुढच्या वर्षी त्याला पानाचा आकार दिला गेला. १९९० साली बाबासाहेबांना हा किताब मरणोत्तर दिला गेला, तेव्हा त्यांच्या नावाने आले ते पिंपळपानच. ज्यांच्या घरी त्याचे छायाचित्र आहे त्यांनी शेपूट आहे का ते बघावे. आहे.

शेवटी थोडे व्यवहाराचे. विहारासाठी रोप आणताना तीन झाडांशी गफलत होते. पारस पिंपळ, म्हणजे आपली रानभेंडी, हिचे पान बदामी, पण शेपूट आखूड, तोडल्यावर पिंपळासारखा पांढरा चीक येत नाही, आणि तिला भेंडीसारखी पिवळी फुले येतात. पिंपळाची फुले अशी दिसत नाहीत, ती त्याच्या बारीक फळाच्या आत असतात. दुसरे पायर. हिला चीक येतो, पानही पिंपळाच्या जवळचे, पण शेंडा तोकडा. तिसरे म्हणजे नर्सरीत कुंडीत मिळणारी शोभेची जात. ती वड-पिंपळाच्या कुळातली असते, म्हणून विकणारा ‘पिंपळच आहे’ म्हणतो. पान बघून घ्या. पिंपळ रात्रीसुद्धा प्राणवायू सोडतो, ही गोष्ट पत्रकांतून छापली जाते, तीही तपासून घ्यावी. प्राणवायू तयार व्हायला उजेड लागतो. जमिनीत वाढलेला पिंपळ रात्री इतर झाडांसारखाच श्वास घेतो. बोधिवृक्षाला मोठेपणा देण्यासाठी खोट्याचा आधार कशाला?

आणि भिंतीतला पिंपळ. पाखरे फळ खातात, बी विष्ठेतून विहाराच्या गच्चीवर, पन्हळीत, भेगेत पडते आणि रोप उगवते. तोडायला मन होत नाही, ठेवले तर भिंत फुटते. मी अनेक ठिकाणी पाहिले आहे, लोक दोन्ही करत नाहीत, नुसते बघत राहतात, आणि पाच वर्षांत स्लॅब गळायला लागतो. रोप वीतभर असतानाच, आषाढात चांगला पाऊस झाला की भेग ओली करून मुळासकट सोडवावे, शेणखत-मातीच्या पिशवीत वर्षभर ठेवावे. अगदी लहान रोपाची पाने बोटाच्या पेराएवढी असतात, शेपूट नीट दिसत नाही, त्यामुळे घाईने ओळख ठरवू नये. रोप हातभर झाले की शेपूट दिसते. मग पुढच्या पावसाळ्यात विहाराच्या भिंतीपासून, आडापासून आणि पाण्याच्या टाकीपासून निदान तीस-चाळीस फूट लांब खड्डा घ्यावा, शेळ्यांपासून राखायला बोरीच्या फेसाट्या लावाव्यात, आणि पहिले दोन उन्हाळे पाण्याची पाळी घरोघरी वाटून द्यावी.